नॅरॉयफ्योर्डवर उन्हाळी संध्याकाळी कयाकिंग: वाऱ्याच्या वेळापत्रकापासून ओल्या कपड्यांपर्यंत

फ्योर्ड म्हणजे उभ्या कड्यांमधून जमिनीत खोल शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी. नॉर्वेतला सोग्नेफ्योर्ड समुद्रापासून दोनशे किलोमीटरहून जास्त आत शिरतो आणि सर्वांत खोल जागी १३०० मीटरपर्यंत जातो. त्याची एक शाखा आउरलान्सफ्योर्ड, आणि तिचीही उपशाखा म्हणजे नॅरॉयफ्योर्ड. लांबी साधारण १७ किलोमीटर, सर्वांत अरुंद ठिकाणी रुंदी जेमतेम २५० मीटर, दोन्ही बाजूंना हजार मीटरहून उंच कडे. २००५ पासून हा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. फ्योर्डच्या आतल्या टोकाला गुडवांगेन हे गाव. ओस्लो-बर्गन प्रवासात फ्लोमची रेल्वे आणि फ्योर्डमधली बोट घेणारे बहुतेक मराठी प्रवासी इथून जातातच, आणि कयाक भाड्याने देणाऱ्या केंद्राची पाटी पाहून थबकतात.

हा लेख गुडवांगेनहून निघून बाक्का या वस्तीच्या दिशेने जाऊन परत येण्यासाठी आहे. बाक्का चार-पाच किलोमीटरवर, पश्चिम किनाऱ्याला आहे. पूर्ण फेरी नऊ-दहा किलोमीटरची. पहिल्यांदाच वल्हं हातात धरणाऱ्यांनी त्याच्या निम्म्यावरून परत फिरावं. देखावा तिथेही तोच आहे.

संध्याकाळच का

उन्हाळ्यातल्या स्वच्छ दिवशी फ्योर्डवरचा वारा जवळजवळ ठरलेल्या वेळांनी वाहतो. दुपारी डोंगरउतार तापतात, त्यांवरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्राकडची थंड हवा फ्योर्डमधून आत ओढली जाते. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि दरीय वारे वेगवेगळे शिकवतात. इथे दोघे एकाच दिशेने, एकाच अरुंद वाटेने वाहतात, म्हणून जोर जास्त. दुपारी तीन ते सहा हा सगळ्यात त्रासाचा वेळ. संध्याकाळी सात-आठच्या सुमारास वारा पडतो आणि पाणी सपाट होतं.

घड्याळाबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. उन्हाळी वेळेमुळे इथे सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी साधारण एक पस्तीसला. म्हणजे संध्याकाळचे सात हे सूर्याच्या हिशेबाने साडेपाचच. "सात वाजले, आता वारा पडलाच असेल" असं घड्याळ पाहून ठरवू नका. पाणी पाहून ठरवा. किनाऱ्यावर दहा मिनिटं उभं राहा. मध्यावर काळसर चट्टे सरकत असतील तर वारा अजून आहे.

शांततेची ही खिडकी कायमची नसते. रात्री उतार थंड झाले की जड हवा नॅरॉयडालच्या दरीतून खाली उतरून फ्योर्डकडे, म्हणजे बाहेरच्या दिशेला वाहू लागते. हे आपले पर्वतीय वारे. गुडवांगेन दरीच्या तोंडाशीच असल्यामुळे परतताना हा वारा समोरून येतो. वेग फारसा नसतो, सेकंदाला दोन-तीन मीटर. पण दोन तास वल्हवून दमलेल्या हातांना तोही जाणवतो. शिवाय नॅरॉयडाल नदी इथेच फ्योर्डला मिळते, तिचा प्रवाहही बाहेरच्या बाजूला असतो. त्यामुळे शेवटचा किलोमीटर सगळ्यात संथ जाणार, हे धरूनच वेळेचा हिशेब करायचा.

आणि हे सगळं फक्त स्थिर, उघड्या हवामानात लागू. अटलांटिकवरून कमी दाबाचा पट्टा आला की वेळापत्रक कोलमडतं. मग संध्याकाळही दुपारसारखीच किंवा वाईट.

हवामानाचा अंदाज कसा वाचायचा

नॉर्वेच्या हवामान संस्थेचं आणि सरकारी प्रसारण संस्थेचं 'यर' हे ॲप मोफत आहे. त्यात वारा सेकंदाला मीटर या एककात असतो; ३.६ ने गुणलं की ताशी किलोमीटर. नवशिक्यांसाठी मर्यादा ४. पाच-सहाच्या पुढे लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागतो, आणि तो दिसला की नवशिक्यांची सहल संपली असं समजावं.

पण आकड्यावर डोळे मिटून विसंबू नका. या अंदाजामागचं गणिती प्रारूप अडीच किलोमीटरच्या चौकटींवर चालतं. पाचशे मीटर रुंदीचा फ्योर्ड आणि बाजूचा हजार मीटरचा कडा एकाच चौकटीत सरासरीने विरून जातात. म्हणून ॲपमध्ये वाऱ्याच्या वेगापेक्षा झोताचा वेग पाहा. दोन्हींत दुपटीचा फरक असेल तर बाजूच्या दऱ्यांमधून अचानक झोत कोसळण्याची शक्यता धरा. आदल्या दोन दिवसांत मोठा पाऊस झाला असेल तर कड्यांखालून जाणं टाळा, कारण दगड सुटतात. कड्याच्या पायथ्याशी ताजा, फिकट रंगाचा दगडांचा ढीग दिसला तर तिथे फोटोसाठीसुद्धा थांबू नका.

एकट्याने की वाटाड्याबरोबर

नॉर्वेत कयाकिंग संघटनेची 'वॉटकोर्ट' नावाची कार्डपद्धत आहे. सुरुवातीचा परिचयवर्ग काही तासांचा, आणि त्यानंतरचा मूलभूत अभ्यासक्रम १६ तासांचा. हा दुसरा टप्पा झाल्याशिवाय बरीच केंद्रं समुद्री कयाक वाटाड्याशिवाय देत नाहीत. ओस्लो, स्टावांगर, बर्गनला राहणाऱ्यांनी तो जरूर करावा. उलटलेल्या कयाकमधून बाहेर पडणं आणि परत चढणं त्यात प्रत्यक्ष पाण्यात करून घेतात. आठ दिवसांच्या सहलीवर आलेल्यांनी वाटाड्याबरोबरच जावं. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

आरक्षण करताना चार गोष्टी विचारा: संध्याकाळची फेरी किती वाजता सुटते, कोरडा पोशाख (पाणी आत शिरू न देणारा ड्रायसूट) भाड्यात धरला आहे का, एका वाटाड्यामागे किती माणसं, आणि मुलांसाठी किमान वय. पोहता येत नसेल तर ते आधी सांगा, लपवू नका.

थंड पाणी

मे महिन्यात तारकर्लीला किंवा देवबागच्या खाडीत कयाक चालवलेल्या माणसाची इथे हमखास एक गफलत होते. तिथे पाणी कोमट, कयाक वरून बसण्याची, पडलो तर हसत परत चढायचं. नॅरॉयफ्योर्डमध्ये जुलैतही पृष्ठभागाचं पाणी साधारण १० ते १६ अंश असतं, नदीच्या मुखाशी वितळलेल्या बर्फामुळे त्याहून कमी. हवा २२ अंश असली तरी पाण्याला त्याचं काही नसतं. कपडे पाण्याच्या तापमानाला धरून निवडायचे, हा इथला पहिला नियम.

अशा पाण्यात पडल्यावर काय होतं हे आधीच माहीत असलेलं बरं. पहिलं मिनिटभर श्वासावर ताबा राहत नाही. माणूस धापा टाकतो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत जातं. बुडण्याचं मोठं कारण हेच, गारठून मरणं नंतरचं. पुढच्या दहाएक मिनिटांत बोटं आणि हात निकामी होत जातात, दोरीची गाठ किंवा चेन ओढता येत नाही. शुद्ध हरपायला अगदी गोठवणाऱ्या पाण्यातही तासभर लागतो. म्हणून जीवरक्षक जॅकेट पहिल्या मिनिटासाठी, सराव पुढच्या दहांसाठी आणि पोशाख त्या तासासाठी.

जॅकेटबद्दल कायदाही स्पष्ट आहे: २०१५ पासून आठ मीटरपेक्षा लहान कुठल्याही बोटीत, ती चालू असताना, तरंगण्याचं साधन अंगावर असणं सक्तीचं आहे. मागे दोरीखाली खोचलेलं जॅकेट चालत नाही. घातल्यावर खांद्यांवरचे पट्टे कुणालातरी वर ओढायला सांगा. ते कानांपर्यंत सरकलं तर बाजूचे पट्टे आणखी आवळा.

पोशाख असा:

- आत लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे पातळ अंगाबरोबर बसणारे कपडे. सुती बनियन, जीन्स, कुर्ता यांपैकी काहीही नको. सूत पाणी धरून ठेवतं आणि अंगातली ऊब ओढून घेतं.
- वर कोरडा पोशाख, म्हणजे ड्रायसूट. तो नसेल तर किमान ३ मिलिमीटरचा निओप्रीनचा वेटसूट आणि त्यावर वारा अडवणारं जाकीट. ड्रायसूटची चेन शेवटपर्यंत लागली आहे ना हे दुसऱ्याने पाहायचं, आणि खाली बसून गळ्याची पट्टी थोडी ओढून आतली हवा बाहेर काढायची. हवा राहिली तर पाण्यात पाय वर येतात.
- निओप्रीनचे बूट. चपला, सँडल नकोत. उलटल्यावर पट्टा पायटेकूत, म्हणजे कयाकमधल्या पाय टेकवायच्या आधारात अडकतो.
- लोकरीची टोपी आणि एक जादा स्वेटर, कोरड्या पिशवीत, म्हणजे तोंड गुंडाळून बंद करायच्या जलरोधक ड्राय बॅगमध्ये. आठनंतर पाण्यावर ऊन राहत नाही आणि थांबलं की दोन मिनिटांत हुडहुडी भरते.

चष्म्याला मागून दोरी बांधा. दागिने, विशेषतः अंगठ्या, खोलीवर ठेवून या. गार पाण्यात बोटं बारीक होतात आणि अंगठी निसटते.

बरोबर काय घ्यायचं

दहा लिटरच्या कोरड्या पिशवीत मावेल तेवढंच. पिशवीचं तोंड किमान तीनदा गुंडाळून मगच क्लिप लावायची. एकदाच गुंडाळली की पाणी आत झिरपतं. माणशी लिटरभर पाणी, थर्मासमध्ये गरम चहा, आणि एका हाताने खाता येईल असं काहीतरी. दशमी-चटणीचा रोल उत्तम, चिवडा वाईट: ओल्या बोटांनी खाता येत नाही आणि वाऱ्यावर उडतो.

मोबाईल जलरोधक पिशवीत, जॅकेटच्या खिशात, अंगावर. कयाकच्या पेटीत ठेवलेला फोन तुम्ही पाण्यात असताना कामाचा नाही. कड्यांच्या मध्ये नेटवर्क येतं-जातं, म्हणून दर तीन-चार माणसांत एक व्हीएचएफ रेडिओ संच असावा. संकटासाठी वाहिनी १६. फोनवर पोलीस ११२, रुग्णवाहिका ११३. शिट्टी जॅकेटलाच बांधलेली. एक पांढरा टॉर्च, कारण समोरून बोट येताना वेळेवर दाखवता येईल असा पांढरा दिवा जवळ असणं नियमानुसार लागतं. जूनच्या अखेरीस इथे सूर्य अकराच्या आसपास मावळतो आणि रात्रभर संधिप्रकाश राहतो, त्यामुळे त्याची गरज भासत नाही. पण जुलैअखेर सूर्यास्त सव्वादहाला आणि ऑगस्टच्या मध्यावर साडेनऊलाच होतो, आणि कड्यांच्या तळाशी अंधार त्याआधीच दाटतो.

याशिवाय गटात एक जादा वल्हं, पाणी उपसायचा हातपंप, पाण्यातून परत चढताना आधारासाठी वल्ह्याला लावायचा हवेचा फुगा आणि साधारण १५ मीटरची ओढदोरी.

कयाक अंगाला बसवणं

घाईत बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि मग तासाभराने कंबर धरून बसतात. समुद्री कयाक साधारण पाच मीटर लांब आणि ५५ ते ६० सेंटिमीटर रुंद असते. सुरुवातीला जितकी रुंद तितकी बरी. जोडीची कयाक अधिक स्थिर आणि वेगवान. मूल किंवा घाबरणारा माणूस बरोबर असेल तर तीच घ्या. त्यात मागचा माणूस सुकाणू सांभाळतो आणि वल्ह्याची लय मात्र पुढचा ठरवतो. हे उलटं केलं की वल्ही एकमेकांवर आपटतात आणि घरचं भांडण पाण्यावर येतं.

जमिनीवरच कयाकमध्ये बसा. पार्श्वभाग आसनात अगदी मागे. पायाचे चवडे पायटेकूंवर, टाचा आत, गुडघे बाहेर वळून वरच्या कडेखालच्या मांडी-आधाराला हलके टेकलेले. पाय सरळ ताणलेले असतील तर पायटेकू दोन खाचा जवळ घ्या. पाठीचा पट्टा कंबरेला आधार देण्यापुरता. त्यावर रेलून बसायचं नाही.

वल्हं २१० ते २२० सेंटिमीटरचं. डोक्यावर आडवं धरा, कोपरात काटकोन झाला की हातांची जागा बरोबर. पात्याची पोकळ बाजू तुमच्याकडे, लांब कड वर.

पेट्यांची झाकणं दाबून पाहा. पुढची आणि मागची पेटी ही सामानाची जागा तर आहेच, पण कयाक भरली तरी तिला तरंगत ठेवणारी हवा तिथेच असते. एक झाकण निसटलं तर ते टोक बुडतं आणि मग कयाक उपसता येत नाही.

पाण्यात उतरणं

कयाक किनाऱ्याला समांतर, घोटाभर पाण्यात. गाळात किंवा दगडावर टेकलेल्या कयाकमध्ये बसून ढकलू नका, तळ खरवडतो. वल्हं बसायच्या तोंडाच्या मागच्या कडेवर आडवं ठेवून त्याचं एक पातं किनाऱ्यावर टेकवा, त्या बाजूला थोडा भार द्या, आधी मागच्या कडेवर बसा, मग दोन्ही पाय आत. पूर्ण वजन वल्ह्यावर टाकलं तर दांडा मोडतो.

मग पाणी अडवणारा झगा, म्हणजे कंबरेला घालून कयाकच्या तोंडावर ताणून बसवायचं आवरण: आधी पाठीमागची कड बसवा, कोपरांनी धरून ठेवत दोन्ही बाजू, शेवटी पुढची. पुढची ओढायची फीत बाहेरच राहिली पाहिजे. ती आत दबलेली असेल तर उलटल्यावर झगा निघत नाही. प्रत्येकाने शेजाऱ्याची फीत हाताने ओढून खात्री करायची. हे केल्याशिवाय गट किनारा सोडत नाही.

वल्हवणं

ताकद हातांतून काढाल तर अर्ध्या तासात मनगट दुखेल. पातं पायाच्या बोटांजवळ पाण्यात घाला, धड वळवत मागे आणा, कंबरेशी बाहेर काढा. कंबरेच्या मागे ओढत नेलेलं पातं पाणी वर उचलतं आणि कयाकचं नाक वळवतं. मूठ सैल, वरच्या हाताची बोटं ढकलताना उघडी. पोट आणि पाठ दमली तर पद्धत बरोबर आहे.

कयाक सारखी एकाच बाजूला वळते ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार. बहुतेकदा वाऱ्याचा दोष असतो. पुढे जाणाऱ्या कयाकचं नाक पाणी कापत घट्ट बसलेलं असतं, शेपूट सैल. बाजूचा वारा शेपूट ढकलतो आणि नाक वाऱ्याकडे वळतं. अशा वेळी मागची स्केग, म्हणजे शेपटाखालची खालीवर करता येणारी पातळ पट्टी, थोडी खाली सोडा. पूर्ण सोडली तर उलट परिणाम होऊन नाक वाऱ्यापासून दूर जातं. स्केग खाली येतच नसेल तर किनाऱ्यावरचा खडा तिच्या खाचेत अडकला आहे. शेजाऱ्याला हाताने ओढायला सांगा.

वाट आणि वेळ

सात वाजता निघायचं. नवशिक्यांचा वेग ताशी चार किलोमीटर धरा, थांबे मोजले तर तीन. परतीची वेळ निघण्याआधी ठरवायची, आणि ती अंतरावर नव्हे तर घड्याळावर: साडेआठला जिथे असाल तिथून मागे. बाक्काचं १८५९ मधलं पांढरं लाकडी चर्च समोर दिसत असलं तरी.

पश्चिम किनारा धरून, काठापासून २० ते ३० मीटरवर चला. मधून गेलं की सरळ जाता येतं हे खरं, पण मधली जागा प्रवासी बोटींची आहे. या बोटी आता विजेवर चालणाऱ्या असल्याने आवाज फार कमी. मागे वळून पाहण्याची सवय ठेवा. फ्योर्ड ओलांडायचाच असेल तर सगळ्यांनी एकत्र जमून, दोन्ही बाजू पाहून, काटकोनात आणि न थांबता.

बोट गेल्यावर लाट लगेच येत नाही, आणि आली की कड्यावर आपटून परतही येते. दोन्ही मिळून पाणी वरखाली उसळतं. उभ्या कड्याजवळ असाल तर लाट येण्याआधी थोडं बाहेर सरका, नाक लाटेकडे तिरकं करा आणि वल्हवत राहा. घाबरून वल्हं वर उचलून धरणारा माणूसच उलटतो. पातं पाण्यात असेल तोवर आधार असतो.

उतरायला जागा थोड्याच. निघण्याआधी नकाशावर त्या शोधून ठेवा आणि जाताना प्रत्येकीशेजारून जाताना मोठ्याने नाव घ्या, म्हणजे परतताना सगळ्यांना आठवतील. भरती-ओहोटीतला फरक साधारण मीटरभर असतो. चहाला थांबलात तर कयाक पूर्ण वर ओढून ठेवा. शेत-कुरणात शिरायचं नाही. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात आणि जंगलाजवळ शेकोटीला बंदी आहे.

पाण्यात सील किंवा नीस, म्हणजे डॉल्फिनसारखा छोटा सागरी प्राणी दिसला तर वल्हवणं थांबवा. पाठलाग केला तर तो खाली जातो, गप्प बसलात तर बरेचदा स्वतःच जवळून जातो.

कयाक उलटली तर

पुढे वाका, फीत जोरात पुढे आणि वर ओढा, हात कमरेशी टेकवून बाहेर पडा. वर आल्यावर कयाक आणि वल्हं दोन्ही धरून ठेवा. किनारा पन्नास मीटरवर दिसत असला तरी पोहत जायचं नाही. कडा सरळ पाण्यात उतरलेला असतो, धरायला काही नसतं.

मदतीला आलेला माणूस आपली कयाक उलटलेल्या कयाकच्या नाकाशी काटकोनात आणतो, नाक उचलून स्वतःच्या कयाकवर ओढून घेतो. उलटी असतानाच आतलं पाणी ओघळतं. मग ती सुलटी करून समांतर लावायची, एकीचं नाक दुसरीच्या शेपटाकडे. मदत करणाऱ्याने रिकाम्या कयाकच्या तोंडावर अंगाचा भार टाकून तिला मिठी मारायची. पडलेला माणूस मागच्या बाजूने पाय मारत पोटावर चढतो, पाय आत सोडतो, पालथाच राहून वळतो आणि बसतो. झगा लावून उरलेलं पाणी पंपाने. सराव असेल तर हे दोन-तीन मिनिटांत होतं. नसेल तर दहा मिनिटं पुरत नाहीत, आणि हात तोवर गेलेले असतात.

वर चढलेल्याला टोपी, गरम चहा, काही गोड. तो "ठीक आहे" म्हणाला तरी सहल तिथेच संपवून सगळ्यांनी मागे फिरायचं. कापरं थांबलं आणि बोलणं अडखळू लागलं तर ते बरं वाटण्याचं लक्षण नाही. त्याला जवळच्या जागी उतरवा आणि ११३ लावा.

परतल्यावर

किनाऱ्यावर पाय ठेवण्याआधी मांड्या आवळून सोडा. दोन तास बसल्यावर पाय बधिर असतात आणि बहुतेक जण घोटाभर पाण्यातच पडतात. कयाक दोघांनी टोकाच्या दांड्यांना धरून उचलायची, आतलं पाणी काढून मगच; भरलेली उचलली तर पाठ धरते. जॅकेट, झगा आणि बूट गोड्या पाण्याने धुऊन सावलीत टांगा. ड्रायसूटच्या गळ्या-मनगटाच्या रबरी पट्ट्या उन्हात चिरतात.

आणि निघताना ज्याला "साडेदहापर्यंत येतो" असं सांगितलं होतं, त्याला पहिल्यांदा फोन करा, ओले कपडे त्यानंतर. तो साडेदहाला फोन लावणार, लागला नाही तर ११२ फिरवणार. आणि तुम्ही हॉटेलात गरम पाण्याखाली उभे असताना बचावपथक फ्योर्डवर तुम्हाला शोधत राहील.